राखणदारांची पंगत

येसर भाजताना आई कोणाला चुलीजवळ येऊ द्यायची नाही. धणे, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, एकेक जिन्नस कढईत पडायचा आणि तिच्या नाकाला पटलं की उतरायचा. पंगतीचा स्वयंपाक साखर कारखान्यावरून परतलेल्यांनीच करायचा, म्हाताऱ्यांनी कशाला हात लावायचा नाही, हा नियम तिनेच घातलेला. पण आमटीसाठी लागणारं येसर तिने कधी दुसऱ्याच्या हाती सोपवलं नाही.

"येसर म्हंजे सैपाक न्हाई," ती म्हणायची. "तयारी हाय."

मी दुपारच्या एसटीने अंबाजोगाईहून नेकनूरला उतरले. धाकटा भाऊ समाधान मोटरसायकल घेऊन थांबला होता. कारखान्यावरून त्याचा ट्रॅक्टर परत येऊन फार दिवस झाले नव्हते. चेहरा इतका रापला होता की हसला तेव्हा दातच आधी दिसले.

"ताई, चल लवकर. आई म्हनली, येसराचा वास उडायच्या आत आण तिला."

वस्ती भरत चालली होती. दिवाळीनंतर लागलेली कुलपं निघाली होती, वाकळा उन्हात पडल्या होत्या, कोयते भिंतीला टेकले होते. हातीपायी धड असलेलं प्रत्येक माणूस सहा महिने उसाच्या फडात जातं. मागे राहतात ती पोरं आणि म्हातारी माणसं. समाधान पाळण्यात होता त्या साली आईने फडावर जायचं थांबवलं आणि वस्तीत एक रीत पाडली: मागे राहिलेल्या प्रत्येक पोरामागे एक म्हातारं माणूस. पोर जेवलं का, शाळेत गेलं का, रात्री कण्हलं का, हे त्या माणसाने सांगायचं. दिवेलागणीला सगळी पोरं आमच्या अंगणात जेवायची आणि एकेक म्हातारा आपापल्या पोराचं नाव घेऊन "हाय" म्हणायचा. ज्यांना गावात कोणी विचारत नव्हतं त्यांच्या जिवावर वस्तीच्या दोन पिढ्या शाळा शिकल्या.

परत आलेल्यांनी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी या राखणदारांना पंगतीत बसवायचं, आपल्या हाताने वाढायचं, आणि त्यांनी आपल्यासाठी काय केलं ते त्यांच्या तोंडावर सांगायचं. हार नाही, नारळ नाही, पाहुणा नाही. आणखी एक नियम होता: जो समोर बसलाय त्याच्याशीच बोलायचं. पहिल्या साली कोणीतरी वारलेल्या एका आजोबांवर इतकं लांब भाषण ठोकलं की जित्या माणसांच्या पानातली आमटी निवून गेली. आईने तिथेच जाहीर केलं, की गेलेल्याचं घरी बोला, इथं आमटी गरम हाय तवर बोला.

मी चुलीपासून बेताच्या अंतरावर बसले.

"यंदा तू बसायचं," मी म्हणाले. "राधाकिशनकाका, केशरबाई, सगळ्या राखणदारांचं ठरलंय. दरवर्षी वाढत फिरतेस. यंदा पहिलं पान तुझं."

"माझ्याबिगर ठरवलं व्हय?"

"तुझ्यासमोर ठरवलं असतं तर तू ठरू दिलं असतंस?"

ती हसली. कढई हलवली. "बसंन. पर तू बोलनार असशील तर."

"मी तर दरवर्षी बोलतेच."

"ते माईकचं बोलनं. ह्याचं नाव घेती, त्याला उभं करती, दुसऱ्यायला रडवती आन् आपुन कोरडी ऱ्हाती. तुझं तू कवा बोललीस?"

"काय बोलू मी?"

"मला काय ठावं तुझ्या पोटातलं? कालिजात पोरायपुढं घंटाभर बोलती म्हनं."

"पोटातलं म्हणशील तर तू मला कायम शेवटी वाढलंस. सगळ्या वस्तीची पोरं जेवली की मग यशोधरा. बोलू का हे?"

आमच्या घरातला हा जुना विनोद. मी तो प्रत्येक सणाला करायचे.

"बोल की," आई म्हणाली. "मी बी ऐकंन. सगळ्यायला कळू दे भिमाबाई कसली माय हाय ती."

"बघू," मी म्हणाले.

"तुझं बघू म्हंजे न्हाई. लहानपनापासून." ती रागावली नव्हती. तिने चिमूटभर येसर माझ्या तळहातावर ठेवलं. "हुंग. खारीक कमी वाटती का?"

मला काही कळलं नाही. चांगलंय म्हणाले. संध्याकाळी तिने माझ्या केसांना तेल लावलं, समाधानला शर्टावरून बोलली, बाबांशी पंख्याच्या वेगावरून वाद घातला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

*

आईचा जलदानविधी झाला त्या दुपारी आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. पंगत चार दिवसांवर होती. येसराचा डबा फळीवर होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"यंदा पंगत नको," प्रवीणदादा म्हणाला. दादा आमच्यात थोरला, परळीला थर्मल वीजकेंद्रात नोकरी. "त्या दिवशी आईची श्रद्धांजली सभा घेऊ. मोठी. मी आमदार साहेबांना विचारलंय, येतो म्हणाले. मंडप घालू."

"आन् म्हाताऱ्यायचं काय?" समाधानने विचारलं.

"पुढल्या साली."

"पुढल्या साली त्यातलं कोन ऱ्हाईल, कोन न्हाई. मानसं कारखान्यावरनं बोलायचं घोकत आलेत, दादा."

"आपल्या आईला जाऊन महिना झाला नाही आणि तुला आमटी-भाकरी सुचते?"

"आईलाच सुचलीती ती!"

"ओरडू नका," ज्योत्स्नावहिनी म्हणाली. ती दादाच्या बाजूने बोलेल असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि सुरुवात तिने तशीच केली. "ह्यांचंही खरं आहे. आत्याबाईंनी एवढं केलं, कधी स्टेजवर गेल्या नाहीत. एकदा तरी मोठं नाव व्हावं." मग ती थांबली. "पण साहेब येणार म्हणजे दोन तास उशिरा येणार. तोवर केशरआजी उपाशी बसणार. ते आत्याबाईंनी चालवून घेतलं असतं का, सांगा."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू आता बायकोही त्या बाजूला गेली.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला वहिनीने पुढे सांगितलं. दादा लहान असताना आई-बाबा त्याला फडावर न्यायचे. कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या दारात, चिपाडात खेळत त्याची शाळेची दोन वर्षं गेली. पुढे तो शाळेत बसला तेव्हा त्याच्याहून लहान पोरं त्याच्या शेजारी होती आणि ती त्याला 'काका' म्हणायची. ते ऐकून आईने कोयता खाली ठेवला होता. वस्तीला वाटायचं भिमाबाईने सगळ्यांच्या पोरांसाठी केलं. दादाला ठाऊक होतं की आधी ते त्याच्यासाठी केलं होतं. त्याला आईला काहीतरी मोठं द्यायचं होतं, आणि त्याला माहीत असलेलं मोठं म्हणजे मंडप.

"बाबा, तुम्ही बोला," तो म्हणाला.

बाबा आई गेल्यापासून बोलत नव्हते. विचारलं तर मान हलवायचे. हातात पितळी तांब्या होता, तो फिरवत बसले होते.

"सुतकाचं कोनी काढलंय का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"शेजारचे म्हणत होते..."

"आपल्यात सुतक न्हाई," बाबा म्हणाले आणि पुन्हा तांब्याकडे वळले.

"ताई, तू?" समाधानने मला पकडलं.

दोघे भाऊ माझ्याकडे बघत होते. सभा झाली असती तर मी निवेदन केलं असतं, छान शब्दांत, सगळे रडले असते. पंगत झाली तर पहिलं पान रिकामं दिसणार होतं, आणि मी 'बघू' म्हणाले होते. मला सभा सोपी होती.

"पंगत," मी म्हणाले.

शेवटी तडजोड झाली. साहेब नाहीत, मंडप नाही, पंगत होईल. दादाने एकच मागितलं: विहारासमोर लावायच्या फ्लेक्सवर आईचा फोटो मोठा असावा आणि श्रद्धांजलीची एक ओळ. फ्लेक्स आई असतानाच छापायला टाकलेला होता, सगळ्या राखणदारांचे फोटो असलेला. एका ओळीला कोण नाही म्हणणार? दादाने बीडच्या दुकानात फोन केला.

*

फ्लेक्स आला पंगतीच्याच दिवशी, ऊन कलताना. आणणाऱ्याला घाई होती. समाधान चुलाणावर, दादा भांड्यांच्या मागे. दोघा-तिघांनी मिळून फ्लेक्स विहारासमोर बांधून टाकला. कोणी वाचला नाही. आपल्याकडे फ्लेक्स बघतात, वाचत नाहीत.

वाचला तो राधाकिशनकाकांनी. ते पोरांना शिट्टी वाजवून शाळेत नेणारे राखणदार. गळ्यात शिट्टी अजून असतेच. धुतलेलं धोतर, निळा फेटा, हातात काठी असे ते सगळ्यांच्या आधी येऊन फ्लेक्ससमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग मला हाक मारली.

"यशोधरा, म्या कवा गेलो गं?"

मी वर पाहिलं. मधोमध आई, पांढऱ्या साडीत. तिच्या भोवती गोलात राधाकिशनकाका, केशरबाई, वच्छलामावशी, बाबा, सगळे राखणदार. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ट्रॅक्टरवरूनही वाचता येईल अशा अक्षरांत: भावपूर्ण श्रद्धांजली. खाली, शोकाकुल समस्त ग्रामस्थ.

दुकानदाराने ओळ टाकली होती, फक्त जागा आपल्या सवयीने निवडली होती.

"काय लिव्हलंय?" केशरबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

"आपुन समदे गेलो म्हनून लिव्हलंय," काका म्हणाले.

"मंग सकाळी च्या कोन पेलं?"

"ते मला इचारू नको. म्या तर नाडी धरून पायली. चालू हाय."

वच्छलामावशी पलीकडच्या मळ्यातून आल्या होत्या. त्यांच्या घरची जमीन मोठी, दूध त्यांच्याकडून यायचं. चष्मा लावून त्या स्वतःचा फोटो निरखत होत्या. "फोटू मातर झ्याक आलाय. आमच्या अंगदनं जितेपनी असला काढला न्हाई. अंगद, हे कापून घे रे, पुढं लागंल."

"कापू नका," काका म्हणाले. "मला घरी न्यायचाय. सुनंला दावतो. म्हनतो, आता तरी दूध साकर घालून दे, मेलेल्याला काय शुगर?"

दादा धावत आला तेव्हा सगळे म्हातारे फ्लेक्सखाली उभे राहून आपापला मृत्यू तपासत होते. तो फ्लेक्सच्या दोरीला हात घालत म्हणाला, "मी असं सांगितलं नव्हतं, काका, शपथ, मी फक्त एक ओळ... मी आत्ता फाडतो..."

आणि मग एक आवाज आला. आधी मला वाटलं कोणाला ठसका लागलाय. बाबा हसत होते. फ्लेक्सवरच्या आपल्या फोटोकडे बोट दाखवत, खांदे हलवत. "भिमी..." ते म्हणाले, "भिमी कवा बी म्हनायची, तुमच्यापायी एकटीनं कुटं जायचं म्हनलं तर जमत न्हाई. बघा. समदे निघाले संगं."

आधी केशरबाई हसल्या. मग वच्छलामावशी. मग चुलाणावरच्या बाया. दादा हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला, तोंड दोन्ही हातांत धरून. समाधान त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"दादा, उठ. आमटी उकळायली."

"मला तिच्यासाठी काहीतरी..."

"म्हाईत हाय. उठ, लाकडं लाव."

बाबांनी डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एवढं सलग बोलले. "फाडायचं न्हाई. चांगलं जाड हाय. उतरवा, उलटं हातरा. पांढरी बाजू वर. आज पंगत बसंल त्याच्यावर, आन् दिवाळीनंतर समाधानच्या टोळीला कोपीवर टाकायला हुईल. पानी गळायचं न्हाई."

तसंच झालं. विहारासमोर पांढरं, लांब हातरूण पसरलं. आईचा फोटो खाली, जमिनीकडे तोंड करून, मधोमध. त्या जागेवर कोणी बसलं नाही, पण पाय पडू नये म्हणून कोणी काही केलंही नाही. आईला तशी काळजी आवडली नसती.

*

त्रिसरण झालं. पंचशील झालं. पानं वाढली गेली. दादा भाकरी वाढत होता, आणि वहिनी येसराची आमटी. वास असा सुटला होता की मी माईक बाजूला घेऊन आधी तो हुंगला. खारीक कमी नव्हती, आई. बरोबर होती.

नावं घेतली. दिपाली पुढे आली, केशरबाईंच्या पानासमोर बसली. "आजी, म्या फडावरून फोन करायची तर पोरगी माझ्याशी बोलायची न्हाई. म्हनायची, ठेव गं मम्मे, आजीची गोष्ट अर्धी राहिलीय. मला लई राग यायचा तुमचा. आन् लई निवांत झोप लागायची."

"अजून अर्धीच हाय," केशरबाई म्हणाल्या. "पुढल्या साली ये म्हनावं."

वच्छलामावशींच्या अंगदने राधाकिशनकाकांना सांगितलं, आपल्या मळ्यातल्या गड्याचं पोरगं आता घरीसुद्धा शिट्टी वाजवल्याशिवाय उठत नाही. काकांनी तिथेच शिट्टी वाजवली. कोपऱ्यात झोपलेलं एक पोर खरंच उठून उभं राहिलं.

वच्छलामावशी पहिल्या पानाच्या शेजारी बसल्या होत्या. पहिलं पान मधोमध, आईच्या फोटोला लागून वाढलेलं होतं, माणूस नव्हतं. त्या जेवत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. काय आठवत होतं ते त्यांनी नंतर सांगितलं. पहिल्या पंगतीला त्या दुधाची किटली घेऊन अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. घरून सांगणं होतं, दूध द्यायचं, तिथं खायचं नाही. आईने त्यांना बस म्हटलं नाही की आग्रह केला नाही. नुसतं एक पान जास्तीचं वाढलं. पुढल्या साली पुन्हा. मावशी म्हणाल्या, ते पान मला दोन वर्षं घरी झोपू देत नव्हतं. तिसऱ्या साली बसले.

आता दुसरं एक पान रिकामं होतं आणि त्यांना ते बघवेना.

"ए पोरी," त्यांनी मला हाक मारली, सगळ्यांसमोर. "माईक ठिव खाली."

"मावशी, अजून नावं..."

"नावं दिपाली घेईल. तू बोल म्हनलीती ना भिमाबाई? मला सांगितलंतं तिनं, त्याच सांजंला. दूध न्यायला आलती. म्हनली, यशोधरा बोलनार हाय. लई खूश व्हती."

"मी बघू म्हणाले होते, मावशी."

"तिनं हो ऐकलं. तिचं ती."

 दादा भाकरीची दुरडी कमरेला लावून उभा राहिला.

"नियम आहे," मी म्हणाले. माझा आवाज कॉलेजातला होता. "समोर बसलंय त्याच्याशीच बोलायचं. गेलेल्याचं घरी."

"नियम मोडू नको," बाबा म्हणाले. ते पंगतीतून उठले, एका हाताने गुडघा धरून, दुसऱ्या हातात आपलं पान सांभाळत. चालत आले आणि आईच्या जागेवर बसले. तिचं पान समोर ओढलं. "घे. म्या बसलोय समोर. जिता हाय, फ्लेक्सवर काय बी लिव्हू दे. माझ्याकडं बघून बोल. तिला सांगायचं ते मला सांग, म्या पोचवतो. उभ्या जल्मात तेच केलंय." मग थोडं थांबून, "मधी एखादं वाक्य माझ्याबद्दल बी टाक."

हशा झाला. मी माईक ठेवला आणि बाबांसमोर मांडी घातली. त्यांच्या मिशीला आमटी लागली होती. ती पुसायची आठवण त्यांना आईच द्यायची.

"बाबा, तुम्ही पंख्याचा वेग फार ठेवता," मी म्हणाले. "पण तुम्ही इथे येऊन बसलात. हे तुमच्याबद्दल."

"झालं माझं. आता तिचं."

मी खाली बघितलं. पांढऱ्या फ्लेक्सच्या खाली तिचा चेहरा होता, साधारण माझ्या गुडघ्याजवळ. मग मी वर बघितलं, बाबांच्या डोळ्यांत.

"आई, तू मला कायम शेवटी वाढलंस, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. तू हाक मारायचीस. यशे, ये, पान घेतलंय. पोरांच्या गलक्यात बस. मी जात्यामागे लपायचे. म्हणायचे, भूक नाही. पोटात कावळे ओरडत असायचे आणि मी भूक नाही म्हणायचे. कारण सगळी पोरं जेवून उठली की मग तू बसायचीस. दिवसभरात तेवढंच बसायचीस. एक भाकरी राहिलेली असायची, तव्यावरची शेवटची, कडेला करपलेली. ती तू मोडायचीस, अर्धी मला, अर्धी तुला, आणि आपण एका ताटात खायचो. तेव्हा तू दुसऱ्या कोणाची नसायचीस. मला कोणी मागे ठेवलं नव्हतं, आई. मला शेवटीच बसायचं होतं."